पिंपातलं डिझेल

दूध संघाचे चेअरमन भाऊसाहेब घुगे यांनी मागच्या निवडणुकीत उरलेलं डिझेल पिंपात साठवून ठेवलं होतं. पाच वर्षांनी ते प्रचाराच्या पिकअपमध्ये ओतलं. गाडी वेशीपर्यंत गेली, खोकली आणि बंद पडली.

"डिझेल काय दूध आहे नासायला?" भाऊसाहेब ड्रायव्हर यमाजीवर कडाडले. "इंजिन तूच बिघडवलंस. उद्यापासून येऊ नकोस!"

"बरं," यमाजी म्हणाला. "विरोधी पॅनेलच्या दराड्यांची गाडी डिझेलवाचून उभी आहे. पिंपात उरलेलं त्यांना देऊ का?"

भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. "दे की! सगळं ओत त्यांच्या टाकीत!"

वेशीजवळच्या ओट्यावर बसलेले संघाचे सभासद एकमेकांकडे बघू लागले.

यमाजीने फडकं खांद्यावर टाकलं. "म्हणजे दोष कशात आहे, ते साहेबांना ठाऊक आहे. मग उद्या किती वाजता येऊ?"