तळाशी राखलेले दही

एकदा एका तरुणाने एक पाटी रंगवली, आणि त्याच्या गावातले दही हळूहळू नाहीसे झाले. तरुणाच्या ते ध्यानातही आले नाही.

गाव डोंगरउतारावरचे. शेती बेताची, पण चारा भरपूर, म्हणून घरोघर म्हशी. गावात दूध उत्पादकांची सहकारी संस्था होती. लोक तिला नुसते डेअरी म्हणत. सकाळ-संध्याकाळ सभासद तिथे दूध घालत, वरच्या दूध संघाचा टँकर येऊन ते शहराकडे नेई. ही संस्था ज्यांनी उभी केली ते गृहस्थ आता वृद्ध झाले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. पाटी रंगवणाऱ्या तरुणाचे नाव विश्राम. तो संस्थेचा सचिव होता आणि कारभारातले जे काही त्याला येत होते ते अप्पांच्या पायाशी बसून शिकलेले होते.

संस्थेचा एक जुना नियम होता, की सभासदाने दूध संस्थेतच घालावे, दारावर विकू नये; विकले तर सभासदत्व जाई. त्या उन्हाळ्यात मात्र या नियमाची परीक्षा सुरू झाली. तालुक्याच्या नव्या वसाहतीतली माणसे मोटारसायकलवरून पहाटे गावात येऊ लागली. त्यांना पिशवीतले दूध नको होते, धारेचे हवे होते. भावही ते चढा देत. तालुक्याच्या वर्तमानपत्रात रोज पत्रे छापून येत. कोणी लिही, शेतकऱ्याचे दूध हे शेतकऱ्याचे आहे, त्याला अडवणारी संस्था कोण? कोणी उत्तर देई, न तपासलेले कच्चे दूध पिऊन आजारी पडलात तर जबाबदार कोण? विश्राम ही पत्रे वाची आणि अस्वस्थ होई. अखेर त्याने डेअरीच्या दर्शनी भिंतीवरच ठळक अक्षरांत पाटी रंगवली : ‘एक थेंबही बाहेर नाही.’

पाटीचा धाक बसला. मोटारसायकली येईनाशा झाल्या. विश्रामला समाधान वाटले.

पण दोनच आठवड्यांत तक्रार आली. संचालकांपैकी धोंडीराम नावाचे एक मोठे पशुपालक होते. ते म्हणाले, “विश्राम, द्वारकाबाई दारावर दूध विकते. रोज सकाळी उपकेंद्रातल्या नर्सबाई तांब्या घेऊन तिच्याकडे जाताना मी डोळ्यांनी पाहिलंय. आज तिला सोडलं, तर उद्या मीही माझं दूध मोटारसायकलवाल्याला देईन. मग पाटी पुसून टाक.”

त्यांचे म्हणणे खोडण्यासारखे नव्हते. द्वारकाबाई एकट्या राहत. एका म्हशीवर त्यांचा संसार चाले. सभासदत्व गेले तर त्यांचे दूध घेणारे गावात दुसरे कोणी नव्हते, आणि म्हैस विकण्यावाचून गत्यंतर उरले नसते. विश्रामला हे ठाऊक होते. तरी त्याने सभा बोलावली, कारण नियम माणूस पाहून वाकवायचा नसतो, असे तो मानत होता.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो अप्पांकडे गेला. सगळे ऐकून घेतल्यावर अप्पा म्हणाले, “उद्या सभेत बघू. आत्ता माझं एक काम कर. मला दही लावायचंय. चमचाभर विरजण आणून दे.”

“विरजण?” विश्रामला काही समजेना. “अप्पा, मी काय विचारतोय आणि तुम्ही...”

“घरी लागलेल्या दह्याचं हवं. दुकानातल्या डबीतलं नको. आणि सभासदाच्याच घरून आण. मिळेपर्यंत परत येऊ नकोस.” त्यांनी एक वाटी त्याच्या हातात ठेवली. “दिवे लागायच्या आत जा. नंतर कोणी विरजण देत नाही.”

विश्राम वाटी घेऊन निघाला. सचिवाने वाटी घेऊन दारोदार फिरावे याची त्याला थोडी लाजच वाटत होती. म्हणून तो प्रथम स्वतःच्याच घरी गेला.

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. “विरजण? आपल्याकडे कुठलं?” ती म्हणाली. “एक थेंबही बाहेर नाही, असं तूच लिहिलंस ना? सचिवाच्या घरचं दूध कमी भरलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मी सगळं डेअरीत घालते. चहा दुधाच्या पावडरीचा करते. तू पितोस की रोज, कळलं नाही तुला?”

विश्रामला खरेच कळले नव्हते.

तो पुढच्या घरी गेला. तिथल्या सुनेने सांगितले, की उन्हाळ्यात दूध आटले आहे, जेवढे निघते तेवढे डेअरीत जाते, ताक करायला उरतच नाही. त्यापुढच्या घरात एक डबी पुढे आली. तिच्यावर तालुक्याच्या दुकानाचे नाव होते. “हेच खातो आता,” घरधनी ओशाळून म्हणाले. धोंडीरामांच्या दारात आठ-दहा म्हशी रवंथ करीत उभ्या होत्या. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, “भाऊजी, विरजणच मागायला मी परवा माहेरी माणूस पाठवणार होते. तुम्हाला मिळालं तर अर्धा चमचा आम्हालाही द्या बरं का!”

विश्राम घरे मागे टाकीत गेला. ज्या गावातून रोज टँकर भरून दूध जात होते, तिथे चमचाभर दही मिळेना. वाटी कोरडीच राहिली. देवळातली घंटा वाजली आणि घराघरांत दिवे लागले.

एकच दार उरले होते. तिथे जायला त्याचे पाऊल उचलत नव्हते.

द्वारकाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. “ये, सेक्रेटरी,” त्या म्हणाल्या. “उद्या मला काढणार, आणि आज वाटी घेऊन आलास? बरा आहेस की!”

“अप्पांना विरजण हवंय, मावशी.”

“अगोबाई, दिवे लागले रे. दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर देत नाहीत.”

विश्राम मान खाली घालून वळला.

“थांब. विरजण नाही देत म्हटलं, दही नाही देत असं कुठे म्हटलं?” द्वारकाबाईंनी फळीवरचे गाडगे काढून पुसले. पातेल्यातले कोमट दूध त्यात ओतले, शिंकाळ्यावरच्या दह्याचा चमचा त्यात हळूच फिरवला आणि वर ताटली ठेवली. “हे घे. अप्पांच्या घरी जाऊन लागेल.”

“पण हे तुमच्या जेवणाचं दूध ना?”

“आज आमटी आहे.”

विश्रामला राहवले नाही. “मावशी, नर्सबाईंना दूध विकता हे खरं आहे का?”

“खरं आहे. तुझ्यापासून कशाला लपवू? त्यांचे सासरे आहेत ना, त्यांना दात नाहीत. दूधभाकरीशिवाय काही चालत नाही. बिचारी पहिल्यांदा डेअरीतच आली होती. इथे दूध घेतात, देत नाहीत, पिशवी तालुक्याला मिळेल, असं तूच सांगितलंस तिला. आपल्याच गावचं दूध आणायला तिने रोज एसटीने तालुक्याला जायचं? मी म्हटलं, माझ्या वाटचं घेऊन जा.” त्यांनी गाडगे उचलून पुढे केले. “नियम मोडला असेल तर मोडला. उद्या काय ते करा. आता गाडगं दोन्ही हातांनी धर आणि सावकाश जा. हिंदकळलं तर दही नीट लागायचं नाही.”

विश्राम दोन्ही हातांत गाडगे धरून, पाय जपून टाकीत निघाला. वाट डेअरीवरूनच जात होती. भिंतीवरची अक्षरे त्याच्याच हातची होती, आणि सभासदाच्या दारातले दूध घेऊन तो त्यांच्यासमोरून चालला होता. घाईने पुढे जावे असे त्याला वाटले, पण हातातल्या गाडग्याने घाई करू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचे दूध टँकरमध्ये गेल्यावर सभा भरली. द्वारकाबाई दाराशी बसल्या होत्या. अप्पा गाडगे घेऊन आले आणि म्हणाले, “आधी दही घ्या, मग बोलू.” विश्रामने प्रत्येकाच्या तळहातावर चमचा चमचा वाढले. दही असे घट्ट लागले होते, की चमच्याची खूण तशीच राहत होती. तो आणखी वाढू लागला, तेव्हा अप्पा म्हणाले, “सगळं वाढू नकोस. तळाला थोडं राहू दे.”

धोंडीरामांनी तळहात चाटला. “वा! असं दही खाऊन कितीतरी दिवस झाले. अप्पा, कुणाच्या घरचं हे?”

“विश्राम, सांग.”

विश्रामला खोटे बोलता येत नसे. “द्वारकामावशींच्या घरचं. काल संध्याकाळी त्यांच्या दारातून दूध घेऊन मीच बाहेर पडलो.”

“म्हणजे आता सेक्रेटरीलाही काढायचं की काय?” एक संचालक म्हणाले आणि हशा पिकला. धोंडीराम मात्र हसले नाहीत. “हसण्यावारी नेऊ नका,” ते म्हणाले. “मग नियम आहे तरी कशाला?”

“धोंडीराम बरोबर बोलतायत,” अप्पा शांतपणे म्हणाले. “तो नियम मीच केला आणि आजही तोच करीन. डेअरी नव्हती तेव्हाही शहरातली माणसं पहाटे दारावर येत. उन्हाळ्यात दूध आटलं की गोड बोलत, थंडीत घरोघर दूध वाढलं की तोंड दाखवत नसत. त्या थंडीत आम्ही दूध ओढ्यात ओतलं आहे. शहरातल्या माणसाला धारेचं दूध आवडतं यात त्याचा काही दोष नाही. पण त्याला हवं तेव्हा हवं तेवढंच लागतं, आणि म्हैस तर रोज दूध देते. ते रोजचं सगळं दूध डेअरीने घ्यावं असं वाटत असेल, तर उन्हाळ्यात आपणही डेअरीला सोडून जाता कामा नये. म्हणून तो नियम.”

त्यांनी गाडगे जवळ ओढले.

“पण तो नियम करताना आम्ही एक गोष्ट गृहीत धरली होती. घरची गरज भागवून जे उरेल ते डेअरीत. हे कुणाला वेगळं सांगावं लागेल असं तेव्हा वाटलंच नव्हतं. ज्यांच्याकडे जनावर नव्हतं, त्यांनाही त्या काळी शेजारून ताक मिळायचं. काल विश्रामला मी पाठवलं ते दह्यासाठी नव्हे. गावात विरजण कुठे उरलंय ते त्याने पाहावं, एवढ्यासाठी पाठवलं. आज आपण जिला काढायला बसलो आहोत, तिच्या एकटीच्या शिंकाळ्यावर ते उरलं होतं. दही कितीही चांगलं असो, गाडगं निपटून घेतलं की उद्या दूध असूनही दही लागत नाही. गाव निपटून डेअरी चालवली, तर ती तरी किती दिवस चालेल?”

पुढे काय करावे, हे मात्र अप्पांनी सांगितले नाही. सगळ्यांच्या नजरा विश्रामकडे वळल्या.

विश्राम उठला. “चूक पाटीची आहे, आणि पाटी माझी आहे,” तो म्हणाला. “नर्सबाईंना डेअरीच्या दारातून मी परत पाठवलं, म्हणून त्यांना मावशींच्या दारात जावं लागलं. माझं म्हणणं असं आहे, की सभासदाने दारावर विकू नये हे कायम राहू दे. पण रोज सकाळी तपासलेल्या दुधाचा एक कॅन आपण टँकरमध्ये चढवायचा नाही. ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांना त्यातून दूध द्यायचं. आणि सभासदाने आधी आपल्या चुलीपुरतं ठेवायचं. कुणाचं माप कमी भरलं म्हणून मी पुन्हा कपाळाला आठी घालणार नाही.”

“कच्चं दूध पिऊन कुणी आजारी पडलं म्हणजे?” धोंडीरामांनी विचारले.

“तापवून प्यायचं, हे नर्सबाई घरोघर सांगतील. त्या तयार होतील असं वाटतं.”

“आणि वरच्या संघाने हरकत घेतली तर?”

“मी जाऊन बोलतो. नाही पटलं तर पुन्हा जातो.”

धोंडीराम दाराकडे वळून म्हणाले, “द्वारकाबाई, तुमचं काय म्हणणं?”

“मला कशाला हवा दारावरचा धंदा?” द्वारकाबाई म्हणाल्या. “नर्सबाईंना इथे दूध मिळालं तर मी माझं सगळं इथेच घालीन. शिंकाळ्यापुरतं सोडून हं!”

धोंडीराम पहिल्यांदाच हसले. “मग माझी तक्रार मी मागे घेतो. पण मावशी, आमच्या घरी विरजण हवंय. बायको माहेरी माणूस धाडायला निघालीय.”

सभा उठली. दुपारी विश्रामने चुना कालवून भिंतीवरची अक्षरे पुसली. नवे काय लिहावे हे त्याला सुचेना, म्हणून त्याने भिंत तशीच कोरी ठेवली. मग ते गाडगे घेऊन तो घरी आला. त्याच्या तळाशी चमचाभर दही होते. आईने गाडग्यात डोकावून पाहिले आणि सकाळच्या धारेतले बाजूला ठेवलेले दूध चुलीवर चढवले.

तळाचे दही एका वाटीत काढून तिने गाडगे घासले आणि त्यात गुळाचा खडा टाकला. “कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये,” ती म्हणाली. “आणि हे बघ, या वाटीतलं अर्धं विरजण धोंडीरामांकडे नेऊन दे. त्यांची बायको माझ्याकडेही मागून गेली होती.”

विश्रामने बाहेर पाहिले. दिवे लागायला अजून अवकाश होता. त्याने एका हातात गाडगे घेतले, दुसऱ्या हातात वाटी, आणि तो निघाला.