गप्प राहणारा गवा

एका जंगलात उन्हाळा संपता संपता पाण्याचे एकच डबके उरले होते. तिथे एक रीत होती. बाकीचे पाणी पीत असताना एकाने काठावर पहारा द्यायचा, कारण माना खाली गेल्या की रानकुत्री टपलेलीच असत. या वर्षी पहारेकरी निवडायची वेळ आली तेव्हा रानडुक्कर सुळे दाखवत म्हणाले, "माझ्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघू दे, फाडून टाकीन!" सगळ्यांना ते पटले आणि पहारा त्याच्याकडे गेला. मग कोल्हा गव्याकडे वळला. "आणि तू रे डोंगरा? एवढी शिंगं काय पाठ खाजवायला ठेवलीस?" सगळे हसले. "पाठीपर्यंत पोचत नाहीत रे ती," असे म्हणून गवा त्याला वाट देत बाजूला झाला.

एका हरिणीला मात्र गव्याचे कोडे सुटेना. तिचे पाडस जेमतेम आठ दिवसांचे होते. त्याला कोणाजवळ उभे करायचे, हा तिच्यासाठी जिवाचा प्रश्न होता. सकाळीच तिने गव्याला वाटेत पडलेले झाड कपाळाने ढकलून देताना पाहिले होते. मग हा सगळ्यांचे ऐकून का घेतो? तिने भीत भीत विचारले, "गवेदादा, तुम्हाला राग येत नाही का?"

"येतो ना," गवा म्हणाला. "पण ज्या देवाने ही शिंगं दिली, त्याला विचारून मी ती वापरतो. माझ्या रागाला विचारून नाही."

हरिणी आणखीच गोंधळली. तिने पाडसाला रानडुकराशेजारी उभे केले. मुलांनो, तिच्या जागी आपणही बहुधा तेच केले असते.

दुसऱ्या दिवशी रानकुत्री आली. त्यांची म्होरकी लांबूनच ओरडली, "काय रे चिखल्या! सुळे खरे आहेत की तोंडात काटक्या खोचल्यास?" रानडुक्कर रागाने थरथरले आणि तिच्यामागे धावत सुटले, ते थेट टेकडीपलीकडे. पहाऱ्याला कोणीच उरले नाही. लगेच झुडपातून चार कुत्री निघून पाडसाकडे झेपावली. हरिणी किंचाळली. तेवढ्यात गवा धावत आला आणि पाडसाला पोटाखाली घेऊन चारी पाय रोवून उभा राहिला.

"भित्र्या! ये की अंगावर! धाव की!" कुत्री चहूकडून डिवचू लागली. त्यांना तो जागचा हलायला हवा होता. गव्याने शिंगे खाली केली, पण एक पाऊलही पुढे टाकले नाही. जे कुत्रे जवळ आले, ते शिंगावरून उडून धुळीत पडले. शेवटी सगळी दमून निघून गेली.

संध्याकाळी रानडुक्कर लंगडत परतले. आता गवा त्याला चांगलेच सुनावणार, म्हणून सगळे कान देऊन थांबले.

"पाय सुजलाय तुझा," गवा म्हणाला. "ओल्या चिखलात टेकव, बरं वाटेल."

"एवढंच?" हरिणी पुटपुटली. तिला अजूनही काही उमजत नव्हते. ती पाडसाला न्यायला गेली, तर ते गव्याच्या पायांशी मान टाकून गाढ झोपले होते. तिने त्याला उठवले नाही. तीही तिथेच बसली.

तात्पर्य : अपमानाने जो जागचा हलत नाही, तोच दुसऱ्यासाठी ठामपणे उभा राहू शकतो. प्रभू येशू असाच सौम्य आणि लीन होता. त्याच्या मागे चालणाऱ्याने नम्रतेला दुबळेपणा समजू नये.