कळपाने टाकलेली कोंबडी

फार पूर्वी गोदेच्या काठी राजा यशकेतू राज्य करीत असताना, राजधानीपासून दूरच्या एका लहान गावात बोधिसत्त्व वेशीवरच्या देवीच्या पुजाऱ्याच्या घरी जन्माला आला. बाप वारल्यावर देवीची पूजा त्याच्याकडे आली आणि पूजेबरोबर गावाची एक रीतही आली.

ज्या कोंबडीला तिच्याच खुराड्यातल्या कोंबड्या टोचून टोचून हाकलून देत, ती देवीने मागितली असे गाव समजे. ती घरात ठेवली तर देवी कोपेल, म्हणून मावळतीच्या आत वेशीवर आणून कापायची. मुंडी देवीपुढे ठेवायची, बाकीची पुजाऱ्याच्या चुलीवर जायची. त्यामुळे पुजाऱ्याच्या घरची माणसे अंगाने चांगली भरलेली असत, आणि या रीतीबद्दल शंका घ्यावी असे त्या घरात आजवर कुणाला सुचले नव्हते.

बोधिसत्त्वाकडे पूजा येऊन थोडेच दिवस झाले होते. एके सकाळी गोमती नावाची विधवा पदराखाली एक तांबूस कोंबडी घेऊन आली. कोंबडीच्या पाठीवरची पिसे उपटली गेली होती आणि मांस उघडे पडले होते.

"भाऊ, तुम्हीच करा काय ते," गोमती म्हणाली. "माझ्याच्यानं बघवायचं नाही. अंड्यांवर खुडुक बसणारी एवढी एकच हो माझ्याकडं. बाकीच्या अंडी घालतात नि खुशाल हिंडायला जातात. ही गेली की माझं खुराडं मोडलंच समजा."

एवढे बोलून ती तोंड फिरवून रडू लागली. तिचे पोट त्या अंड्यांवर आणि पिलांवर चालत होते.

बोधिसत्त्वाने कोंबडी अंगणात ठेवली. त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या कोंबड्या दाणे सोडून धावल्या आणि तिच्या पाठीवर तुटून पडल्या. त्याने तिला घाईने उचलले. त्याला नवल वाटले. या कोंबड्यांनी तिला जन्मात पाहिले नव्हते. त्यांचे हिच्याशी वैर कुठले? तेवढ्यात त्यांतली एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, उडी मारून त्याच्या अंगठ्याला टोचू लागली. सकाळच्या पूजेचे कुंकू अजून अंगठ्याला लागलेले होते.

बोधिसत्त्वाने अंगठ्यावरच्या लाल डागाकडे पाहिले. मग त्याने जखम नीट निरखली. चोचींच्या खुणांखाली दोन बारीक दातांचे व्रण होते. ते मुंगसाचे होते. मुंगसाने धरले, रक्त आले, आणि लाल दिसले म्हणून बाकीच्यांनी टोचले. देवीने यात काहीच मागितले नव्हते.

तो घरात गेला. त्याची बायको रेवा पाट्यापाशी बसली होती. तिने आले आणि मिरी वाटून तयार ठेवली होती.

"कडुलिंबाचा पाला उकळत ठेव. हळद आणि तेल काढ," तो म्हणाला.

"नवीनच पाककृती दिसते," रेवा म्हणाली.

"कापायची नाही तिला. बरी करायची आहे."

"अहो, मग ही मिरी कुणाला लावू? तुमच्या डोक्याला?" रेवाने विचारले. पण पाणी मात्र तिने चुलीवर ठेवले. सूर्य मावळायच्या आत गाव दारात उभे राहील, हेही तिने सांगून टाकले, आणि ते खरे होते.

कोमट झालेल्या पाण्याने बोधिसत्त्वाने जखम धुतली. माती आणि तुटकी पिसे हलक्या हाताने काढली. हळद तेलात कालवून लावली आणि वरून तव्याची काजळी फासली, म्हणजे लाल दिसायला नको. मग तिला सावलीत बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवले आणि जवळ पाण्याची पणती ठेवली. कोंबडी आधी मान टाकून बसली होती. दुपारी तिने पाण्यात चोच बुडवली, तेव्हा गोमतीने त्या दिवसातला पहिला घास खाल्ला.

ऊन कलले तसा गावचा प्रमुख, ग्रामणी महानाग, चार माणसे घेऊन आला. महानाग वाईट माणूस नव्हता, पण रीत मोडली की त्याचे पोट बिघडत असे.

"पुजारी, देवीचं देवीला द्या," तो म्हणाला. "वरच्या आळीत पिलं शिंकायला लागलीत. उद्या गावातली सगळी खुराडी ओस पडली तर कुणाला जाब विचारायचा? तुमच्या वडिलांनी असं कधी केलं नव्हतं."

गोमती डालग्यावर दोन्ही हात ठेवून बसली.

"ग्रामणी, तुमच्या खुराड्यातली सर्वांत लाडकी कोंबडी कोणती?" बोधिसत्त्वाने विचारले.

"पांढरी. का?"

"मावळायला अजून वेळ आहे. आधी तिला देवीचं कुंकू लावू, मग ही कापायची की नाही ते ठरवू."

देवीचे कुंकू आपल्या घरी येते म्हटल्यावर महानाग खूश झाला. सगळे त्याच्या अंगणात गेले. बोधिसत्त्वाने ओल्या कुंकवाचा टिळा पांढरीच्या पाठीवर लावला आणि तिला कळपात सोडले. कोंबड्याने मान वाकडी करून एका डोळ्याने पाहिले, जवळ आला आणि टिळ्यावर चोच मारली. मग दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता सगळा कळप पांढरीच्या मागे लागला. ती ओरडत पळाली आणि महानागाच्या धोतरात शिरली.

महानागाने तिला छातीशी धरले.

"कळपानं टाकली," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला. "आता हिलाही वेशीवर आणावी लागेल."

"काहीतरीच काय! हिनं काय केलंय? आणि कुंकू तर देवीचंच आहे!"

"कुंकू देवीचंच आहे. कोंबड्यांना देवी कळत नाही, त्यांना लाल कळतं."

त्याने तेलाने टिळा पुसला, वर काजळीचे बोट फिरवले आणि पांढरीला खाली सोडले. कळपाने एकदा पाहिले आणि पुन्हा दाणे टिपू लागला.

महानागाने पांढरीकडे पाहिले, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या गोमतीकडे पाहिले. छातीशी धरलेली कोंबडी कशी वाटते, हे त्याला आता ठाऊक झाले होते.

"घेऊन जा गं तुझी कोंबडी," तो म्हणाला.

बोधिसत्त्वाने डालगे गोमतीच्या अंगणात, तिच्या बाकीच्या कोंबड्यांच्या समोरच ठेवले. दूर नेली की कळप विसरतो आणि बरी होऊन आलेलीलाही परकी समजून टोचतो. जखम भरून खपली धरली तेव्हा एका तिन्हीसांजेला, सगळ्या पेंगत असताना, त्याने तिला हळूच खुराड्यातल्या दांडीवर त्यांच्या शेजारी बसवले. सकाळी ती सगळ्यांबरोबर खाली उतरली. पुढे ती अंड्यांवर बसली आणि गोमतीचे अंगण पिलांनी भरले.

वरच्या आळीतली शिंकणारी पिले त्याने वेगळी, उबेला ठेवायला सांगितली, आणि आजार सरेपर्यंत पाहुण्यांना कोंबडी भेट द्यायची नाही, असे बजावले. मग माणसे वेशीवर येतच राहिली. कुणाच्या कोंबडीच्या पायात काटा रुतून गाठ आलेली असे. कुणाच्या कोंबडीचे अंडे अडलेले असे. तिला तो कोमट पाण्यात बसवी आणि धीर धरायला लावी, तिला नव्हे, मालकाला. जी वाचणार नाही तिच्याबद्दल तो तसे स्पष्ट सांगे आणि तिच्याजवळ बसून राही. पुजाऱ्याच्या घरची माणसे पूर्वीइतकी गुबगुबीत राहिली नाहीत. रेवा मिरी आता डाळीत घालू लागली, आणि डाळ बरी लागते असे तिनेच एक दिवस कबूल केले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, विहारात सांगितली, तेव्हा उत्पल नावाचा भिक्षू सर्वांच्या मागे, दाराशी बसला होता. तो एकदा संघ सोडून घरी गेला होता आणि पश्चात्ताप होऊन परतला होता. परतल्यापासून कुणी ना कुणी, भिक्षेच्या वेळी, पाणी भरताना, झाडताना, त्याला त्या घरी जाण्याची आठवण करून देत असे.

शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळची रेवा म्हणजे आज विहारात रोज भाजी आणून देणारी उपासिका. गोमती म्हणजे उत्पलाची आई. ग्रामणी महानाग म्हणजे संघातला ज्येष्ठ भिक्षू, स्थविर धम्मसेन. पुजारी मीच होतो. आणि ती तांबूस कोंबडी म्हणजे आपला उत्पल."

कळप कोण होता, हे शास्त्याने सांगितले नाही. तो सर्वांकडे पाहत थांबला. बऱ्याच जणांच्या माना खाली गेल्या. मग स्थविर धम्मसेन उठला, दाराशी गेला आणि उत्पलाला हाताला धरून आपल्या आसनावर शेजारी घेऊन बसला.

दुसऱ्याचे व्रण उकरण्याऐवजी जो ते झाकतो आणि भरून येईपर्यंत राखतो, त्याची ती मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला पोचलेली मैत्री.