शेजारच्या सीटपुढचा पंखा

"उस्ताद, गॅरेजात भिंगरीसारखा फिरतो आणि घाटात मेल्यागत पडून राहतो, असा हीटरचा पंखा बघितलाय का कधी?"

दस्तगीर उस्ताद चहा फुंकत होते. वाईच्या नाक्यावर त्यांचं जुनं गॅरेज. विचारणारा सर्जेराव तिथंच काम शिकलेला. आता त्याची स्वतःची पिकअप होती. रोज पहाटे घाट चढायचा आणि भिलारहून स्ट्रॉबेरी घेऊन यायचा.

"काय काय केलंस?"

"फ्यूज बदलला. स्विच बदलला. वायर न् वायर तपासली. मेकॅनिक शेजारी येऊन बसला की हीटर झकास चालतो. मी एकटा निघालो की पंखा ठप्प! काचेवर वाफ धरते, पुढचं काय दिसत नाय. परवा गाडी कठड्याला घासली. थोडक्यात वाचलो."

"हं..."

"तुमच्या हाताखाली तयार झालेला माणूस मी. आणि एक पंखा मला येडं बनवतोय!"

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीला काय झालं?"

"दिवाळीचा आणि पंख्याचा काय संबंध, उस्ताद?"

उस्तादांनी कप खाली ठेवला. "उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते कानटोपी घालून पिकअपमध्ये बसले. बसले कसले, चपला काढून सीटवर चक्क मांडी ठोकली.

गाडी पसरणी घाटाला लागली. धुकं दाट होतं. पंखा ढिम्म हलेना. काच पांढरी झाली, तसं सर्जेरावानं फडकं काढून पुसली.

"बघा! म्हटलं नव्हतं?"

खरं सांगायचं तर शेजारी कुणीतरी बसलंय, याचंच त्याला बरं वाटत होतं. पण तसं बोलून दाखवेल तो सर्जेराव कसला!

उस्तादांनी एक पाय खाली सोडला. डॅशबोर्डखालच्या पत्र्यावर टाच आपटली. मग पुन्हा आपटली. मग ठेका धरला.

घर्रर्र... पंखा फिरला. गरम हवा आली. काच निवळली.

"हात तिच्या! कार्बन झिजलेत!" सर्जेराव ओरडला. "पंख्याच्या मोटारीतले कार्बन झिजले की ती अडते, धक्का दिला की चालते. मेकॅनिकचे पाय तिथंच लागत असणार! एवढं साधं, आणि माझ्या टाळक्यात शिरलं नाय!"

"मग दिवाळीपर्यंत धक्का कोण देत होतं?"

सर्जेरावाची नजर उस्तादांच्या पायाकडे गेली...

धाकटा भाऊ विलास त्या सीटवर बसायचा. भजनात पखवाज वाजवणारा गडी, त्याच्या अंगाला स्वस्थपणा ठाऊक नाही. घाटभर पायानं तो त्याच पत्र्यावर ताल धरायचा. दिवाळीच्या तोंडावर एका पहाटे सर्जेरावाचं डोकं फिरलं. "पाय बंद कर, नायतर खाली उतर!" आणि विलास खरंच उतरला. तो घरी आलाच नाही. भिलारात एका शेतावर कामाला राहिला. सर्जेराव माल भरायला गेला की दोघं समोरासमोर यायचे आणि दोघंही क्रेटकडे बघायचे.

त्या दिवसापासून घाटात सर्जेराव एकटाच बडबडायचा. कधी गाडीशी, कधी शिव्या घालत पंख्याशी.

"थांबव गाडी," उस्ताद म्हणाले.

गाडी कडेला थांबली. उस्तादांनी पाय वर घेऊन पुन्हा मांडी घातली. थोड्या वेळानं पंखा कुरकुरला आणि गप्प झाला.

"तुझा पाय पोचतो का बघ."

सर्जेरावानं गिअरवरून पाय ताणला. आणखी ताणला. पत्रा लांबच राहिला.

काच हळूहळू पांढरी होत गेली. बाहेरचा घाट दिसेनासा झाला. आत फक्त दोघांचे श्वास...

"कार्बन बदलून टाका, उस्ताद. मग कुणाच्या पायाची गरज नाय."

उस्तादांनी स्वेटरच्या खिशातून कार्बनची नवी जोडी काढली. त्याला दाखवली. पुन्हा खिशात ठेवली.

"म्हणजे... तुम्हाला कालच कळलं होतं?"

फडकं उचलून उस्तादांनी त्याच्यापुढची काच पुसून दिली.

सर्जेरावानं गाडी पुढं काढली. पाचगणी मागं पडली. भिलारचा फाटा आला, तसा त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"उस्ताद... विलास नाय आला तर?"

उस्ताद कानटोपी नीट कानांवर ओढत होते.

"येताना मी मागं हौद्यात बसतो," ते म्हणाले.