घरी परतणाऱ्या मोहरा

एका राज्यात धनाला तोटा नव्हता, तरी तिथली राजकन्या मंदारवती कंगाल होती. तिच्या खजिन्यातली मोहर कोणालाही द्यावी, दिवेलागणीला ती पाखरासारखी उडत खजिन्यात परत येई. वाणी तिला तांदूळ देईना, शिंपी चोळी शिवेना.

एके दिवशी किल्लेदार भैरोजी म्हणाला, "बाईसाहेब, पौर्णिमेला आम्ही शिपाई निघालो. सकाळचा पगार संध्याकाळी उडतो. पोरांनी काय मोहरांची छनछन खावी?"

शिपाई गेले, की डोंगरापलीकडचा जादूगार अघोरसेन राज्य गिळणार. मंदारवतीचा पाय ठरेना. गच्चीवर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई.

खजिन्याच्या आढ्यावर एक म्हातारी साळुंकी राहत असे. ती बोलली, "किती येरझारा घालशील पोरी? तुझ्या आजोबांच्या लग्नात तळ्यातल्या जलदेवीने हंडाभर मोहरा आहेर धाडल्या. शेजारणीची वाटीसुद्धा कोणी रिकामी परत करीत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. तुझ्या आजोबांनी हंडा रिकामा पाठवला. देवीने तो परत फेकला आणि शापिलं, 'तुझं धन कोणाच्या घरी टिकायचं नाही.' तो बघ हंडा, कोपऱ्यात."

मंदारवतीने हंड्यात खजिन्यातले मोती भरले आणि ती तळ्यावर गेली. देवी पाण्यातून वर आली.

"मोती पाण्यातलेच. माझंच मला देतेस?"

मोती उडून खजिन्यात परत गेले.

मग मंदारवतीने गावात दवंडी पिटवली, घरटी तांब्याभर दूध आणा, नाहीतर दंड. हंडा भरला. देवीने बोट बुडवताच दूध नासले.

"यात धाक आहे," देवी म्हणाली.

"मग काय घालू?"

"तुझा हात ज्यासाठी राबला, ते घाल."

राजकन्या तशीच गावातल्या तान्हाक्काच्या गुऱ्हाळावर गेली. काहिलीत उसाचा रस उकळत होता.

"मोहर नको गं बाई," तान्हाक्का म्हणाली, "ती पळते."

"मोहर देत नाही, आक्का. काम मागते. मजुरीला गूळ द्या."

बायका हसल्या. "राजाच्या लेकीला चिपाडं वाळवता येतात होय?"

येत नव्हती. पहिल्या दिवशी तिने ओलीच चिपाडं चुलाणात घातली आणि सगळ्यांना धुराने रडवलं. मग शिकली. तळहाताला फोड आले, पदर झळीने करपला. बाहेर चंद्र वाढत होता. प्रत्येक संध्याकाळी आकाशातून मोहरांचा थवा घरी निघे, आणि ती चुलाणात आणखी चिपाडं सारी.

पौर्णिमेच्या सकाळी तान्हाक्काने तिच्या हातावर गुळाची ढेप ठेवली. ती हंड्यात घालून मंदारवती तळ्यावर धावली.

देवीने खडा मोडून तोंडात टाकला.

"थोडा करपलाय."

मंदारवतीने करपलेला पदर सावरला.

"पण तुझ्या घरून मला पहिल्यांदाच काही आलं," देवी म्हणाली, आणि हंडा घेऊन पाण्यात गेली.

त्या दुपारी पगार वाटला. शिपायांनी सामान बांधलेलंच ठेवलं आणि ते मोहरा मुठीत धरून वेशीवर उभे राहिले. पलीकडे डोंगरावर अघोरसेनाचं काळं निशाण दिसत होतं. सूर्य बुडाला. दिवे लागले. भैरोजीची मूठ मिटलेलीच.

"उघडा ना, काका," मंदारवती म्हणाली.

"धीर होत नाही, बाईसाहेब."

त्याने एकेक बोट सोडलं. मोहर तळव्यावर स्वस्थ पडली होती.

"वेस लावा!" भैरोजी ओरडला. शिपाई धावले, अडसर पडला, आणि शिपाई राहिलेले पाहून डोंगरावरचं निशाण मागे वळलं.

मंदारवतीची मोहर जशी परक्या घरी नांदली, तशी तुमची आमची नांदो.