वाळूगाडीतलं पिल्लू

एक होती उंदरी. बोटभर. तिला होतं एक पिल्लू. बाकीची मांजराने नेली होती. हे एवढंच उरलं.

समुद्राकाठी होतं मथुराकाकीचं गॅरेज. तिथे दुरुस्तीला आली वाळूवर पळणारी वाळूगाडी. कुणाची तरी वापरलेली, जाड जाड टायरची. इंजिन जिथून हवा घेतं, त्या डब्यात उंदरीने काथ्याचं घर केलं. शहाणीच म्हणायची! गाडीत कुणी घर करतं का?

एक दिवस काकीने डब्याचं झाकण लावलं. खट्! आत बघितलंच नाही. स्क्रू पिळला. कर्र! गाडी सुरू केली. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र!

उंदरी बाहेर. पिल्लू आत. इंजिन नळीने डब्यातली हवा ओढू लागलं. पिल्लू रडू लागलं.

उंदरी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पिल्लू माझं सुटेना. झाकणदादा, तू उघड ना!"

"मी नाही जा! स्क्रू फिरला तर उघडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"झाकण उघडेना, पिल्लू माझं सुटेना. स्क्रूभाऊ, तू फिर ना!"

"मी नाही जा! पेचकस आला तर फिरेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"स्क्रू फिरेना, झाकण उघडेना, पिल्लू माझं सुटेना. पेचकसमामा, तू ये ना!"

"मी नाही जा! काकी उठली तर येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पेचकस येईना, स्क्रू फिरेना, झाकण उघडेना, पिल्लू माझं सुटेना. मथुराकाकी, तू ऊठ ना!"

काकी चहा पीत होती. "मी नाही जा! चालतं इंजिन मी उघडत नाही. अडलं तर उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकी उठेना, पेचकस येईना, स्क्रू फिरेना, झाकण उघडेना, पिल्लू माझं सुटेना. इंजिनकाका, तू अड ना!"

"मी नाही जा! हवा अडली तर अडेन."

हवा कोण अडवणार? आत तर एकटं पिल्लू! उंदरी डब्याकडे धावली. तिने झाकणाच्या फटीला तोंड लावलं.

"इंजिन अडेना, काकी उठेना, पेचकस येईना, स्क्रू फिरेना, झाकण उघडेना, पिल्लू माझं सुटेना. बाळा, घर मोड! काथ्या नळीत ढकल!"

"घर मोडू? आई, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. मोड रे राजा!"

पिल्लाने ढकललं. अजून ढकललं. काथ्या नळीत बसला.

हवा अडली. इंजिन अडलं. घुर्र... खोक् खोक्... फुस्स!

काकी उठली. "ठिणगी आहे. पेट्रोल आहे. मग हवाच नाही!"

पेचकस आला. स्क्रू फिरला. झाकण उघडलं. आणि पिल्लू?

पिल्लू काळं. पिल्लू तेलकट. पिल्लू हलेना.

"अगं बाई!" काकी म्हणाली. "मी आत बघितलंच नाही गं!" तिने पिल्लाला तळहातावर ठेवलं.

उंदरीने नाक चाटलं. काही नाही. कान चाटले. काही नाही. पोट चाटलं, चाटलं, चाटलं.

"चीं!"

"आई, आपलं घर मोडलं."

"मोडू दे," उंदरी म्हणाली. "पिल्लू माझं सुटलं!"