लॅपटॉपची दुपारची झोप

यंत्रं आपसांत गप्पा मारत, तेव्हाची गोष्ट. शर्वरीताई जेवायला जाताना आपल्या लिनक्सवाल्या लॅपटॉपचं झाकण मिटायच्या आणि तो झोपायचा. पण त्या परत येईपर्यंत बॅटरी पार संपलेली असायची.

"म्हातारी झालीय ती, बदला तिला," माऊस म्हणायचा. "मी बघा, लॅपटॉपदादांच्या झोपेची किती काळजी घेतो!"

बॅटरी रडकुंडीला यायची. ताई नवी बॅटरी मागवणारच होत्या. पण एका दुपारी झाकण मिटून त्या तिथेच बसून राहिल्या. थोड्या वेळाने माऊस हळूच हलला. "दादा, लागली का झोप?" लॅपटॉप दचकून जागा झाला, पंखा घरघरू लागला. त्याचा पुन्हा डोळा लागतोय, तोच माऊसचा पुन्हा तोच प्रश्न!

ताईंनी हसत सेटिंग बदललं. आता झोपलेल्या लॅपटॉपला माऊस उठवू शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या जेवून आल्या, तेव्हा बॅटरी जवळजवळ भरलेली होती.

"छान झोपलात ना, दादा?" माऊस म्हणाला. "आज मी एकदाही विचारलं नाही!"

"सारखा विचारत होतास," बॅटरी म्हणाली. "आज त्यांना ऐकू गेलं नाही, एवढंच."